रोम ते मोडेना, मातीच्या दिव्यांच्या मागे आठ दिवस

दिवस १, शनिवार, रोम

मला गेली चार-पाच वर्षं जुन्या रोमन दिव्यांचा नाद लागलाय. तळहातावर मावतील असे मातीचे तेलाचे दिवे, वर बशीसारखा गोल भाग आणि त्यावर उठावात चित्र, कधी ग्लॅडिएटर, कधी देव, कधी नुसता मोर नाहीतर कुत्रा. फोटो बघून बघून डोळे भरले होते, म्हणून यावेळी ठरवलं की जिथे ते बनले आणि जिथे जळले तिथेच जायचं. आई म्हणाली मी पण येते. आईचं माहेर तेरजवळचं, धाराशिव जिल्ह्यातलं, म्हणजे गोरोबाकाकांच्या गावाकडचं, त्यामुळे मातीचं काही निघालं की तिला बोलायचं असतंच. बॅगेत तिने कापसाच्या लांब वाती आणि एक त्रिपुरवात घेतली होती कारण बुधवारी त्रिपुरी पौर्णिमा येत होती आणि ती परदेशात आहोत म्हणून चुकवायची नाही असं तिचं स्पष्ट म्हणणं होतं.

आज बाकी काही नाही. टर्मिनी स्टेशनजवळ रूम, मेतकूट-भात, झोप.

दिवस २, रविवार, रोम

महिन्याचा पहिला रविवार, त्या दिवशी इटलीत सरकारी म्युझियम फुकट असतात, त्यामुळे गर्दी चिक्कार. रांगेत उभं असताना आईला फोनवर एक दिवा दाखवला, माझा अतिशय आवडता प्रकार आहे हा. पंख असलेली विजयदेवता, हातात गोल ढाल, ढालीवर लॅटिनमध्ये लिहिलंय की नवीन वर्ष मला शुभ आणि सुखाचं जावो, आणि आजूबाजूला रिकाम्या जागेत खजूर, अंजीर, नाणी अशा नव्या वर्षाच्या भेटी. असे दिवे लोक १ जानेवारीला एकमेकांना द्यायचे. ब्रिटिश म्युझियममध्येही आहेत. आई म्हणाली, "म्हणजे पाडव्याची भेटच की रे ही." दिवाळी संपून दहाच दिवस झाले होते, तिच्या ते डोक्यात ताजं होतं.

सम्राट डायोक्लेशियनच्या स्नानगृहांच्या अवशेषात हे म्युझियम आहे, आणि तिथे मला आन्ना पेरेन्नाचं कारंजं बघायचं होतं. १९९९ मध्ये रोमच्या पारिओली भागात जमिनीखाली पार्किंग बांधताना हे कारंजं सापडलं. आन्ना पेरेन्ना ही वर्षाची देवी, तिचा सण १५ मार्चला, लोक नदीकाठी झाडाखाली बसून प्यायचे आणि जितके पेले तितकी वर्षं आयुष्य मागायचे. पण पुढच्या काळात याच कारंज्याच्या टाकीत लोक दुसरंच काहीतरी टाकायला लागले. पाचशेच्या वर नाणी मिळाली, शिशाच्या एकात एक बसवलेल्या डब्या मिळाल्या आणि त्यात माणसाच्या छोट्या बाहुल्या, आणि सत्तरच्या आसपास दिवे. त्यातल्या काही दिव्यांच्या आत शिशाचा पातळ पत्रा गुंडाळून कोंबलेला होता, पत्र्यावर शाप लिहिलेला. कुणाचं तरी वाटोळं होऊ दे म्हणून देवीकडे मागणं.

मी तिथे बराच वेळ उभा होतो. एका दिव्याची चोच, म्हणजे जिथून वात बाहेर येते ती जागा, अगदी स्वच्छ होती, काजळीचा ठिपकासुद्धा नाही, म्हणजे तो दिवा कुणी लावलाच नव्हता, विकत घेऊन सरळ पाण्यात टाकला. आईला हे अजिबात पटलं नाही. "दिव्यात कुणी वाईट ठेवतं का," म्हणाली आणि पुढच्या काचेकडे निघून गेली.

दिवस ३, सोमवार, रोम ते नेपल्स

सकाळी आप्पियन रस्त्यावर सान कालिस्तोची कॅटाकोम. जमिनीखाली बोळ, दोन्ही बाजूंना भिंतीत फडताळासारखी थडगी. फोटो काढू देत नाहीत. अशा कॅटाकोममध्ये थडगं बंद करताना ओल्या गिलाव्यात दिवा दाबून बसवायचे, कित्येक दिवे तसेच भिंतीत राहिले. ख्रिस्ती लोकांनी वेगळे दिवे लगेच बनवायला घेतले असं नाही, बाजारात जो मिळतो तोच घ्यायचे, आणि त्यातला एक फार लोकप्रिय होता, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. आन्नियस सेरापिडोरस नावाच्या कारखानदाराचा शिक्का असलेले हे दिवे इसवी सन २०० च्या आगेमागे रोम आणि रोमचं बंदर ओस्तिया इथे भरपूर चालले. ज्याला त्यात येशू दिसायचा त्याने येशू बघावा, ज्याला नुसता मेंढपाळ त्याने मेंढपाळ, विकणाऱ्याला दोन्ही गिऱ्हाइकं सारखीच. पुढे चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतून लाल रंगाचे दिवे यायला लागले, त्यांच्यावर मात्र उघड ख्रिस्ताची चिन्हं आहेत.

दुपारच्या फास्ट ट्रेनने सव्वा तासात नेपल्स. संध्याकाळी गॅलरीतून व्हेसुव्हियस ज्वालामुखी दिसला.

दिवस ४, मंगळवार, पॉम्पेई

नेपल्सचं म्युझियम मंगळवारी बंद म्हणून आज पॉम्पेई, व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन गाव. गारिबाल्दी स्टेशनवरून लोकल, पाऊण तासाच्या आत गेटपाशी सोडते. तिकिटावर आता नाव छापलेलं असतं, पासपोर्ट जवळ ठेवा.

आधी सरळ फोरमजवळच्या, म्हणजे मुख्य चौकाजवळच्या, स्नानगृहात गेलो. इथे उत्खननात हजाराच्या वर दिवे निघाले, एकाच स्नानगृहात. आत गेल्यावर कळतं का ते. जाड भिंती, वर कमान, खिडकी म्हणजे लहानसा झरोका, बाहेर लख्ख ऊन असताना आत डोळे सरावायला मिनिटभर लागलं. संध्याकाळी अंघोळीला येणाऱ्या माणसाला तर काहीच दिसलं नसतं. आता हजार दिवे रोज भरायचे, वाती सारख्या करायच्या, विझले की परत लावायचे, सकाळी काजळी पुसायची, हे कुणीतरी गुलाम करत असणार आणि त्याचं नाव कुठेच नाही. आईने विचारलं तेल किती लागत असेल रे. मी हिशोब करायला लागलो आणि सोडून दिला, पण प्रश्न बरोबर होता, कारण दिवा स्वस्त, तेल महाग. जे ऑलिव्हचं तेल पोटात जायचं तेच दिव्यात जळायचं.

घरांमध्ये पण तेच. झोपायच्या खोल्या इतक्या लहान आणि बहुतेकींना खिडकीच नाही. आपण पॉम्पेई म्हटलं की लाल-पिवळी रंगवलेली भिंत डोळ्यासमोर आणतो, पण तिथे राहणाऱ्या माणसाने ती भिंत बऱ्याचदा एका दिव्याच्या उजेडात, एका वेळी हात-दोन हात एवढीच बघितली असणार.

रस्त्यावरच्या भिंतींवर निवडणुकीच्या जाहिराती रंगवलेल्या असायच्या आणि ते काम रात्री चालायचं. एका ठिकाणी रंगवणाऱ्यानेच लिहून ठेवलंय, अरे कंदीलवाल्या, शिडी धर! दुसरा एक एमिलियस केलेर, त्याने लिहिलंय की हे मी एकट्याने चंद्राच्या उजेडात लिहिलं. म्हणजे त्याच्याकडे शिडी धरायलाही कुणी नव्हतं आणि दिवा धरायलाही. मला ही दोन वाक्यं कुठल्याही सम्राटाच्या शिलालेखापेक्षा जवळची वाटतात.

मग चालत चालत विया दी नोचेराकडे. या रस्त्यावर एक दिवे बनवणाऱ्याचं दुकान-कारखाना सापडलाय, भट्ट्या आणि साच्यांसकट. हा दिवा चाकावर बनत नाही, साच्यात बनतो, हे समजलं की बाकी सगळं उलगडतं. आधी कारागीर मातीचा एक भरीव नमुना करतो. त्याच्यावरून वरचा आणि खालचा असे दोन साचे, मातीचे नाहीतर प्लास्टरचे. दोन्हीत मातीची पातळ पोळी अंगठ्याने दाबून बसवायची, दोन अर्धुकं एकमेकांवर ठेवायची, जोड बोटाने पुसून घ्यायचा, मग तेल ओतायचं भोक आणि वातीचं भोक पाडायचं, पातळ मातीच्या पाण्यात बुडवून काढायचं म्हणजे तेल कमी झिरपतं, आणि भट्टीत. चित्र साच्यातच असल्यामुळे चित्राचा दिवा आणि बिनचित्राचा दिवा यात मेहनत जवळपास सारखीच. म्हणूनच गरिबाच्या घरात सुद्धा गरुडासकट ज्युपिटर देव होता.

निघताना स्टेशनजवळ एका दुकानातून नकल केलेला एक दिवा घेतला, दोन ग्लॅडिएटर, एक वार करतोय आणि एक गुडघ्यावर आलाय. आईने घ्यायच्या आधी बोटाच्या पेराने टकटक वाजवून बघितला. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं मडकं कुठलं ते सांगितलं ना, तसंच. "भाजलाय नीट," म्हणाली.

परतीच्या लोकलमध्ये धाकटा प्लिनी या रोमन लेखकाचं पत्र परत वाचलं. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखी फुटला तेव्हा तो १७ वर्षांचा होता, आईबरोबर खाडीच्या पलीकडच्या टोकाला मिसेनमला. राखेमुळे जो अंधार झाला तो कसा होता सांगताना तो म्हणतो की अमावस्येच्या किंवा ढगाळ रात्रीसारखा नव्हे, तर बंद खोलीत दिवा विझवल्यावर होतो तसा. आज स्नानगृहात उभा राहून आल्यामुळे त्याला काय म्हणायचंय ते मला पहिल्यांदा नीट कळलं.

दिवस ५, बुधवार, नेपल्स, त्रिपुरी पौर्णिमा

म्युझियममध्ये पूर्ण दिवस. पॉम्पेई आणि तिच्याबरोबरच गाडलं गेलेलं हर्क्युलेनियम, दोन्हीकडचं चांगलं चांगलं सगळं इथे आहे. काशाचे दिवे, माणसाएवढे उंच दीपस्तंभ, झाडाच्या फांद्यांना लटकवलेले दिवे. पॉम्पेईचा सोन्याचा दोन वातींचा दिवा सुद्धा याच संग्रहातला, व्हीनस देवीच्या देवळाचा, सम्राट नीरोने दिला असावा असं मानतात. सुंदर आहे. पण मला परत परत मातीच्याच दिव्यांकडे जावंसं वाटत होतं, कारण सोन्याचा दिवा एक, आणि मातीचे इतके की प्रत्येकाच्या मागे एक घर.

एक गोष्ट सांगायलाच हवी. १८८१ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात एक पेटी सापडली, न उघडलेली. आत दक्षिण फ्रान्समधून आलेले लाल चकचकीत ९० वाडगे आणि उत्तर इटलीतून आलेले पस्तीसच्या वर दिवे. माल येऊन पडला होता, उघडून मांडायच्या आत डोंगर फुटला. या पेटीमुळे अभ्यासकांना ७९ साली बाजारात नेमका कुठला माल नवा होता हे कळलं. पण मला वेगळाच प्रश्न पडतो, की जिथे स्वतःच्याच गावात विया दी नोचेरावर दिव्यांचा कारखाना आहे तिथे शेकडो किलोमीटरवरून मातीचे दिवे का मागवले? त्याचं उत्तर शोधायला शनिवारी मोडेनाला जायचं होतं.

आईला बघायची होती ती एकच वस्तू, 'पॉम्पेईची लक्ष्मी'. १९३८ मध्ये पॉम्पेईत सापडलेली हस्तिदंती मूर्ती, वीतभर उंच, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, अंगावर दागिनेच दागिने. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असं आता बहुतेक म्हणतात. आणि तिच्यासारख्याच हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला आणि जालना जिल्ह्यात भोकरदनला सापडल्यात, त्यामुळे ही मूर्ती सातवाहनांच्या मुलखातून, म्हणजे आपल्याकडून गेली असावी असं कित्येक अभ्यासक धरतात. तेरला पांढऱ्या चिकणमातीच्या बाहुल्या निघतात त्या पण दोन साच्यांतून काढलेल्या, दोन अर्धुकं जोडून, आणि हे तंत्र रोमकडून आलं असं मानतात. म्हणजे हस्तिदंत तिकडे गेला आणि साचा इकडे आला. आई काचेच्या अगदी जवळ गेली, खूप वेळ काही बोलली नाही, मग एवढंच म्हणाली, "बाई गं, किती लांब आलीस."

रात्री गॅलरीत त्रिपुरवात लावली, रूमच्या मालकीणबाईंना आधी विचारून, एका स्टीलच्या वाटीत. आणि मग ग्लॅडिएटरचा दिवा काढला. खालच्या दुकानातलं ऑलिव्हचं तेल, आईची कापसाची वात. रोमन लोक जवसाच्या धाग्याची नाहीतर एका केसाळ पानाची वात वापरायचे, कापसाची नाही, पण चालून गेलं. वात आत सरली की आई केसातली पिन काढून ती पुढे ओढायची. एका जुन्या लॅटिन कवितेत थंडीत पहाटे उठलेला गरीब शेतकरी अगदी हेच करतो, चुलीतला निखारा चाचपडतो, दिवा तिरका धरतो आणि सुकलेली वात सुईने पुढे ओढून फुंकर घालतो. दोन हजार वर्षांत त्या हालचालीत काहीच बदललेलं नाही.

आणि मग जे दिसलं ते मला कुठल्याच म्युझियममध्ये दिसलं नव्हतं. काचेच्या कपाटात दिव्यावर वरून उजेड पडतो, चित्र सपाट, मेल्यासारखं दिसतं. इथे ज्योत दिव्याच्याच चोचीवर होती, चित्राच्या कडेला, बोटभर उंच, आणि तिचा उजेड चित्रावर आडवा पडत होता. उठावाच्या प्रत्येक रेषेला लांब सावली आली. वाऱ्याने ज्योत हलली की सावल्या हलायच्या आणि वार करणाऱ्याचा हात खरंच खाली येतोय असं वाटायचं. गुडघ्यावरचा माणूस अंधारात जायचा आणि परत यायचा. हे चित्र खोलीला दाखवायला नाहीच, दिव्याशेजारी जो बसलाय, लिहितोय, शिवतोय, मूल झोपवतोय, त्याच्या एकट्यासाठी आहे. मी हातभर मागे सरकलो तर नुसती ज्योत दिसली, चित्र गेलं.

साडेआठला लावला, पावणेबाराला आम्ही झोपलो तेव्हाही जळत होता, मी फुंकर मारून विझवला. सकाळी खाली ठेवलेल्या बशीत तेलाचं गोल कडं होतं. ते पातळ मातीचं पाणी का लावायचे ते कळलं.

दिवस ६, गुरुवार, हर्क्युलेनियम

सकाळची लोकल रद्द, पुढची पण रद्द, फलाटावर दीड तास गेला आणि कुणी काही सांगेना. आईचे पाय दुखायला लागले, म्हणून आत गेल्यावर सगळं गाव न फिरता एकच घर नीट बघितलं. लाकडी पडद्याचं घर. इथे लाकूड जळून राख न होता कोळसा होऊन टिकलंय, आणि दिवाणखान्यातला सरकत्या दारांसारखा लाकडी पडदा अजून उभा आहे, काचेमागे. त्यावर काशाचे छोटे हूक आहेत, जहाजाच्या नाळेच्या आकाराचे, दिवे अडकवायला. दिवे सगळीकडे बघितले पण दिवा नेमका कुठे लटकायचा ती जागा अशी क्वचित दिसते. छातीच्या उंचीवर हात नेला तर साधारण तिथेच. आई म्हणाली आमच्या जुन्या वाड्यात कोनाडा एवढ्याच उंचीला होता.

दिवस ७, शुक्रवार

दिवसभर ट्रेन. नेपल्स, बोलोन्या, तिथून लोकलने मोडेना. पाऊस.

दिवस ८, शनिवार, मोडेना

रोमन नाव म्युटिना. इसवी सनपूर्व १८३ मध्ये वसवलेली वसाहत, एमिलिया नावाच्या सरळसोट रस्त्यावर. माती उत्तम, रस्ता दारात, गाव पो नदीच्या खोऱ्यातच. २००८ मध्ये इथे विआले रायटर भागात बांधकामाच्या वेळी जुन्या भट्ट्यांचा कचरा टाकायचा मोठा खड्डा सापडला, आणि त्यात बिघडलेल्या मालात दिवे होते. खाली शिक्के, फोर्टिस, स्ट्रोबिलस, कोम्युनिस, फोएटास्पस, युकार्पस. ही त्या काळातली सगळ्यात गाजलेली नावं, एकाच खड्ड्यात. बिघडलेला माल कुणी लांब नेऊन टाकत नाही, म्हणजे हे लोक इथेच काम करत होते.

म्युझियममध्ये हे दिवे बघितले आणि आईला जरा निराश वाटलं, कारण यांच्यावर चित्र जवळजवळ नाहीच. जाड, घट्ट, खांद्यावर दोन बारीक उंचवटे, वर फार तर एखादा मुखवटा, चोचीपर्यंत एक पन्हळ. कला सगळी तळाला, तीन गोल कड्यांच्या मध्ये उठावात नाव, FORTIS असं, आणि ती अक्षरं इतकी स्वच्छ कोरलेली आहेत की वाचायला लॅटिन यायची गरज नाही. पॉम्पेईच्या दुकानदाराने लांबून माल का मागवला त्याचं उत्तर मला वाटतं इथे आहे. जाड दिवा पेटीत भरून पाठवला तर फुटत नाही, एकावर एक रचता येतो, पन्हळीमुळे सांडलेलं तेल परत आत जातं, आणि तळाचं नाव बघून गिऱ्हाईक परत तोच मागतो.

आणि मग नकला सुरू झाल्या. फोर्टिसचा दिवा विकत घ्यायचा, त्याच्यावरूनच साचा काढायचा, नावासकट. माती वाळताना आणि भाजताना आकसते, त्यामुळे नकल मूळ दिव्यापेक्षा जरा लहान, नकलेची नकल त्याहून लहान, आणि अक्षरं प्रत्येक वेळी थोडी बुजलेली. ऱ्हाईनकाठी, डॅन्यूबकाठी, ब्रिटनमध्ये फोर्टिस नावाचे दिवे निघतात, खरा फोर्टिस मरून शंभर-दीडशे वर्षं झाल्यावरचे पण. अभ्यासक दिव्यांची लांबी मोजून कुठली नकल कितव्या पिढीची ते लावतात. मोडेनातल्या या अक्षरांच्या कडा मात्र अजून धारदार आहेत.

एका फुटक्या दिव्याचा आतला भाग दिसत होता. आतून कुणी घासत नाही, गुळगुळीत करत नाही, कारण ते कुणाला दिसायचंच नसतं. तिथे अंगठ्याचे ठसे होते, एकाशेजारी एक, माती साच्यात दाबत गोल फिरवत नेलेले, शेवटचा जरा खोल. मी आईला दाखवले. तिने स्वतःचा अंगठा काचेवर ठेवून बघितला. "बारीक आहे," म्हणाली, "बाईचा नाहीतर पोराचा."

दुपारी पाऊस थांबल्यावर तो रस्ता बघायला गेलो. झाडं, पार्क केलेल्या गाड्या, बिल्डिंगा, खड्ड्याची काही खूण दिसली नाही. आईने फुटपाथच्या कडेची ओली माती चिमटीत घेतली, बोटांत चोळून बघितली, चिकट आहे म्हणाली, आणि रुमालाला हात पुसून स्टेशनकडे चालायला लागली.